एकाने बोलायचे तर शेजाऱ्याने गप्प बसायचे

वीस घरांची एक इमारत घ्या. घराघरांत वायफाय राऊटर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल प्रचलित पद्धतीप्रमाणे तीनच: १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागलेल्या आणि वरखाली असलेल्या घरांना शक्यतो एकच चॅनेल येऊ नये, एवढीच अट. चॅनेल वाटण्याच्या एकूण शक्यता होतात तीनचा विसावा घात, म्हणजे ३४८ कोटींहून अधिक. वीस घरांपुरते संगणक हे तपासून टाकील. दोनशे घरांची वसाहत असेल तर एकेक शक्यता तपासत बसणे जगातल्या कुठल्याच संगणकाला जमणारे नाही. हाच प्रश्न चुंबकांचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ वेगळ्या नावाने ओळखतात. रेनफ्रे पॉट्स यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक अणूला दोनऐवजी तीन किंवा अधिक अवस्था घेता येतात. शेजारच्या दोन अणूंची अवस्था एकच झाली की ऊर्जेचा दंड बसतो, असे धरले तर सर्वात कमी ऊर्जेची मांडणी आणि सर्वात कमी कटकटीचे चॅनेलवाटप या दोन गोष्टी राहतच नाहीत. राऊटरच्या जागी अणू लिहिला, बाकी समीकरण जसेच्या तसे.

या साम्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते की ही निव्वळ उपमा आहे. अभियंत्यांना भौतिकशास्त्राची भाषा मिरवायला आवडते, इतकेच. दुसरे म्हणते की बिनतारी जाळ्यांचे प्रश्न मुळात कणांचेच असल्याने क्वांटम यंत्रे आली की ते आपोआप सुटतील. गेल्या चाळीसेक वर्षांचे सैद्धांतिक संशोधन समोर ठेवले तर दोन्ही मते टिकत नाहीत. साम्य खरे आहे आणि त्यातून हाती लागणारे बरेच काही आजच्या जाळ्यांत कामही करते आहे. पण हे जे लाभले ते परस्परांवर परिणाम करणाऱ्या असंख्य कणांविषयीच्या विचारपद्धतीतून, आणि तेही बहुतांशी अभिजात, क्वांटमपूर्व सांख्यिकीय भौतिकीतून. क्वांटम यंत्रांनी जाळ्यांना अजून फारसे काही दिलेले नाही, आणि त्यांचे आश्वासन कुठे खरे ठरू शकेल, कुठे नाही, हे सांगायलाही तीच भौतिकी उपयोगी पडते.

सर्वात स्वच्छ उदाहरण म्हणजे बिनतारी जाळ्यांतला सीएसएमए हा नियम: बोलण्याआधी कान द्यायचा, शेजारी बोलत असेल तर थांबायचे. रॉबर्ट बूर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा रेडिओ जाळ्यांचे गणित मांडले. कोणत्या क्षणी कोणकोण बोलत असेल, याची संभाव्यता त्यांत एका साध्या गुणाकाराच्या रूपात येते. भौतिकशास्त्रात हेच सूत्र ‘हार्ड-कोर जालक वायू’ म्हणून ओळखले जाते: जाळीच्या ठिपक्यांवर कण ठेवायचे, पण लगतच्या दोन ठिपक्यांवर दोन कण बसता कामा नयेत. बोलणारे यंत्र म्हणजे कण, गप्प यंत्र म्हणजे रिकामी जागा. या प्रकारच्या वायूंवर अव्वल काम झाले आहे. रॉडनी बॅक्स्टर यांनी १९८० मध्ये षटकोनी कणांचे प्रतिमान पूर्णपणे सोडवले. आपल्याकडे दीपक धर यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे पुण्याच्या आयसरमध्ये असताना जालकावरच्या लांब काड्यांच्या मांडणीचा, म्हणजे याच घराण्यातल्या प्रश्नाचा, अभ्यास केला. २०२२ चे बोल्ट्झमन पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासोबत मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

आता हे जाळे बुद्धिबळाच्या पटावर मांडून पाहा. प्रत्येक घरात एक यंत्र, चारी बाजूंचे चार शेजारी त्याचे प्रतिस्पर्धी. बोलण्याचा सरासरी काळ आणि वाट पाहण्याचा सरासरी काळ यांच्या गुणोत्तराला यंत्राची ‘अधीरता’ म्हणू. अधीरता कमी असेल तर कोण बोलते, कोण थांबते याला काही आकार नसतो. सगळ्यांना थोडीथोडी संधी मिळत राहते. ती वाढवत नेली की बोलणारी घरे हळूहळू एकाच रंगाची होऊ लागतात. एक काळे घर बोलते म्हणून त्याचे चार पांढरे शेजारी गप्प, ते गप्प म्हणून पलीकडच्या काळ्या घरांना मोकळे रान. चौकोनी जालकावर हे अवस्थांतर सुमारे ३.८ या मूल्याला घडते, असे संगणकीय मोजमापांतून चांगले ठाऊक आहे. त्यापुढे मोठ्या पटावर सगळी काळी घरे बोलत राहतात आणि पांढऱ्यांची उपासमार होते. पट पांढऱ्यांकडे उलटायला लागणारा वेळ पटाच्या आकाराबरोबर भयंकर वाढतो. जाळ्याची एकूण वाहतूक मोजली तर ती उत्तम दिसते. पांढऱ्या घरातल्या माणसाला विचारले तर वायफाय बंद आहे. सरासरी आणि न्याय यांत पडलेली ही फट केवळ अभियांत्रिकी अनुभवातून कळायला वेळ लागला असता. मॅथिल्ड ड्युर्वी, ऑलिव्हिए दूस आणि पॅट्रिक थिराँ यांनी या जाळ्यांतला असा अन्याय तपासला तो अवस्थांतराच्या आणि कडेच्या परिणामांच्या भाषेतच.

इथे पहिल्या आक्षेपाचे उत्तर मिळते. उपमा फक्त साम्य दाखवते. आधी माहीत नसलेली, आकड्यात सांगता येणारी आणि खोटी ठरू शकणारी गोष्ट ती सांगत नाही. अवस्थांतर तशी गोष्ट सांगते. इतकेच नव्हे, काही जाळ्यांत ते गणनेच्या अवघडपणाची सीमाही आखून देते. प्रत्येक यंत्राला जास्तीत जास्त चार प्रतिस्पर्धी असलेल्या कोणत्याही जाळ्यासाठी ड्रोर वाइट्झ यांनी २००६ मध्ये दाखवले की अधीरता २७/१६ च्या, म्हणजे सुमारे १.६९ च्या खाली असेल तर जाळ्याचे वर्तन वाजवी वेळात हवे तितके अचूक मोजता येते. ॲलन स्लाय यांनी २०१० पासून सहकाऱ्यांसह सिद्ध केले की या सीमेपलीकडे, सर्वसाधारण जाळ्यासाठी, तसे करणे जवळजवळ निश्चितपणे अशक्य आहे. ही सीमा आली कुठून? फांद्याफांद्यांच्या अनंत वृक्षावर ठेवलेल्या त्याच वायूच्या अवस्थांतरातून. भौतिक पदार्थ जिथे गोठतो त्याच मूल्याला आकडेमोड गोठते, ही गेल्या पंचवीस वर्षांतली मला सर्वांत देखणी वाटणारी निष्पत्ती आहे.

मग गोठू द्यायचे नसेल तर? उत्तर पुन्हा कणांकडूनच आले. लिबिन जियांग आणि जीन वालरँड यांनी सुचवले की प्रत्येक यंत्राने आपल्याकडे साचलेल्या संदेशांच्या रांगेप्रमाणे आपली अधीरता कमीजास्त करावी. कोणी मध्यवर्ती मुकादम नको, आणि तरीही जाळे आपल्या कमाल क्षमतेपर्यंत पोहोचते. अडचण अशी की रांगा सतत बदलतात, आणि अधीरता झपाट्याने बदलली तर वायूला समतोल गाठायला उसंतच मिळत नाही. श्रीवत्स राजगोपालन, देवव्रत शाह आणि जिनवू शिन यांनी २००९ मध्ये यावर काढलेल्या तोडग्याचे नावच ‘नेटवर्क ॲडियाबॅटिक थिअरम’. मूळ ॲडियाबॅटिक सिद्धांत माक्स बॉर्न आणि व्लादिमीर फॉक यांचा, १९२८ चा, शुद्ध क्वांटम यामिकीतला: प्रणालीवरचा दाब पुरेसा सावकाश बदलला तर ती आपल्या जागच्या अवस्थेतच राहते. यांच्या जाळ्यात तो सावकाशपणा आला लॉगरिदमच्या लॉगरिदममधून. रांग कितीही फुगली तरी अधीरतेला ते जेमतेम कळते. शाह यांचे पदवीचे शिक्षण आयआयटी मुंबईतले. सिद्धांत क्वांटमचा, पुरावा अभिजात संभाव्यतेचा, आणि उपयोग वायरलेसचा: या विषयातली देवाणघेवाण नेमकी कशी चालते, याचा इतका बोलका नमुना दुसरा नाही.

दुसरी मोठी शाखा स्पिन ग्लासची. सॅम्युअल एडवर्ड्स आणि फिलिप अँडरसन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात अणुचुंबकांमधली नाती सरमिसळ असतात: कुणाला शेजाऱ्यासारखे वागायचे असते, कुणाला उलट, आणि सगळ्यांचे समाधान एकाच वेळी करता येत नाही. १९८२ मध्ये फ्रान्सिस्को बाराहोना यांनी सिद्ध केले की त्रिमितीत अशा पदार्थाची किमान ऊर्जा शोधणे हा अत्यंत अवघड वर्गातला, एनपी-हार्ड प्रश्न आहे. पुढच्याच वर्षी स्कॉट किर्कपॅट्रिक आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी लोहाराचे शहाणपण संगणकात उतरवले. तापलेल्या लोखंडाला एकदम पाणी दिले की ते कडक होते पण ठिसूळही. सावकाश निवू दिले की आतले ताण सुटतात. संगणकातल्या मांडणीलाही आधी ‘तापवून’ मग हळूहळू ‘निववले’ तर ती वाईट खळग्यात अडकत नाही. ही रीत त्यांनी मुख्यतः संगणकाच्या चिपवरचे घटक मांडण्यासाठी दाखवली होती. चॅनेलवाटपाच्या लोकांनी ती फार लवकर उचलली.

त्याहून खोल परिणाम झाला तो संदेश ओळखण्याच्या प्रश्नावर. अनेक मोबाइल एकाच वेळी एकाच पट्ट्यात बोलत असतील तर टॉवरवर सगळ्यांचा गोंगाट एकत्र पोहोचतो. कुणी उणे एक पाठवले, कुणी अधिक एक, हे सर्वांत अचूक ओळखायचे तर गणित स्पिन ग्लासचेच होते. आणि सर्जिओ वेर्दू यांनी १९८९ मध्ये दाखवले की तेही एनपी-हार्ड आहे. तोशियुकी तानाका यांनी २००२ मध्ये या गोंगाटाला स्पिन ग्लासवाल्यांची ‘रेप्लिका’ पद्धत लावली आणि मोठ्या जाळ्यात चुकांचे प्रमाण किती राहील, याचे सूत्र काढले. आक्षेप इथे रास्त होता: रेप्लिका पद्धत गणिताच्या दृष्टीने संशयास्पद. तीत प्रणालीच्या ‘शून्य’ प्रती घ्याव्या लागतात, आणि शून्य प्रती म्हणजे काय, हे कुणी नीट सांगू शकत नाही. पण जॉर्जिओ पारिसी यांनी १९७९-८० च्या सुमारास या पद्धतीने काढलेले मूळ सूत्र मिशेल तालाग्राँ यांनी २००६ मध्ये काटेकोर गणिताने सिद्ध केले, आणि पारिसी यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. चुलीवर आधी शिजले, पाककृती मागाहून लिहिली गेली. संशोधनात असे होते. त्यामुळे पदार्थ बेचव ठरत नाही.

चूकदुरुस्ती संकेतांचीही अशीच कथा. रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या आसपास शोधलेले एलडीपीसी संकेत तीसेक वर्षे धूळ खात पडले. त्यांच्या उकलीत प्रत्येक बिट शेजाऱ्यांना ‘मला वाटते मी शून्य आहे’ असे निरोप धाडतो आणि शेजाऱ्यांचे ऐकून आपले मत बदलतो. स्पिन ग्लासच्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे लिहिलेली समीकरणे मूलतः हीच. गोंगाट एका मर्यादेपलीकडे गेला की ही उकल अडकते, जसे अतिशीत पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहते. बर्फ व्हायला त्याला एक कण लागतो, ज्याभोवती गोठणे सुरू होईल. शृंखलेसारख्या जोडलेल्या संकेतांत टोकांचे थोडे बिट आधीच ठरवून ठेवले तर उकल त्या टोकांपासून आत पसरत जाते. श्रीनिवास कुडेकर, टॉम रिचर्डसन आणि रूडिगर उर्बांके यांनी २०११ मध्ये याचा पुरावा दिला, आणि अशा मांडणीत साधी उकलही सैद्धांतिक मर्यादेपर्यंत पोहोचते हे दाखवले. ५जीच्या मानकात डेटासाठी एलडीपीसी संकेतच आहेत. म्हणजे परस्परक्रिया करणाऱ्या कणांचे समीकरण हाताळणारे यंत्र वाचकाच्या खिशात असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते खोलीच्या तापमानाला चालते.

हे शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिले, कारण आता खरोखरच्या क्वांटम कणांकडे वळायचे आहे. रुबिडियमच्या अणूला लेसरने प्रचंड फुगलेल्या, ‘रिडबर्ग’ अवस्थेत नेले की काही मायक्रोमीटर अंतरावरचा दुसरा अणू त्या अवस्थेत जाऊ शकत नाही. ही रिडबर्ग नाकेबंदी. एक बोलला तर शेजाऱ्याने गप्प बसायचे: पुन्हा तोच हार्ड-कोर नियम, पण या वेळी निसर्गाने स्वतः लागू केलेला. हानेस पिखलर, मिखाइल लुकिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये लिहिले की अणू हव्या त्या जागी मांडले तर ते ‘एकक-चकती आलेखा’वरचा, म्हणजे ठरावीक अंतराच्या आतले ठिपकेच जोडलेल्या जाळ्यावरचा, सर्वांत मोठा स्वतंत्र संच शोधण्याचा प्रश्न थेट सोडवू पाहतात. साध्या शब्दांत, एकमेकांना त्रास न देता एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बोलू शकतील? गंमत अशी की एकक-चकती आलेख हे बिनतारी जाळ्यांच्याच अभ्यासातले अपत्य. विल्यम हेल यांनी १९८० मध्ये वारंवारता-वाटपाचा प्रश्न अशाच आलेखांत मांडला होता. २०२२ मध्ये हार्वर्डच्या गटाने २८९ अणूंपर्यंतच्या मांडणीवर हा प्रयोग प्रत्यक्ष केला, आणि सर्वांत अवघड उदाहरणांत त्यांची अणुयंत्रणा संगणकातल्या ‘निववण्या’च्या रीतीपेक्षा चांगल्या दराने उत्तराकडे गेली.

दुसऱ्या टोकाच्या मताला यापेक्षा भक्कम आधार नाही, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. पहिली शंका तुलनेची. संगणकातले निववणे हे सर्वसाधारण हत्यार आहे, या प्रश्नासाठी घडवलेले नव्हे. रूबेन आंद्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये तशाच प्रकारचे आलेख आजच्या उत्तम अभिजात पद्धतींना दिले, तेव्हा हजारो ठिपक्यांचे आलेखही मिनिटांत अचूक सुटले. दुसरी शंका प्रतिमानाची, आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. अणूंमधला परस्परप्रभाव अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. रेडिओ लहर साधारण दुसऱ्या ते चौथ्या घाताने. मैदानभर सारख्या विखुरलेल्या बोलणाऱ्यांचा हिशेब करा. अंतर दुप्पट केले की पुढच्या कड्याचा एकूण त्रास अणूंच्या बाबतीत आधीच्या सोळाव्या हिश्शावर येतो, चौथ्या घाताच्या रेडिओत चौथ्या हिश्शावर, आणि मोकळ्या आकाशातल्या दुसऱ्या घातात तो घटतच नाही. दूरदूरच्या कुजबुजीची बेरीज वाढतच राहते. म्हणजे ‘वर्तुळाच्या आत त्रास, बाहेर शांतता’ हे जे प्रतिमान रेडिओसाठी बनवले ते अणूंना चपखल बसते आणि रेडिओला ढिले होते. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये जाळ्यांची क्षमता मोजताना वर्तुळाचे आणि प्रत्यक्ष शक्तीचे अशी दोन प्रतिमाने मुद्दाम वेगळी ठेवली होती, ती उगाच नाही.

डी-वेव्ह या कंपनीच्या क्वांटम यंत्रांवरचे प्रयोग वेगळ्या जातीचे. प्रिन्स्टनच्या काइल जेमिसन यांच्या गटाने २०१९ मध्ये टॉवरवरच्या गोंगाटाचा प्रश्न अशा यंत्राला दिला: ४८ वापरकर्ते, ४८ अँटेना, प्रत्येकाचा एक बिट. शक्यता २८१ लाख कोटींहून अधिक. अवघ्या दहा मायक्रोसेकंदांच्या गणनेत दहा लाख बिटांमागे एक चूक, असा निकाल त्यांनी दिला. आकडा चकित करणारा आहे, पण तो शुद्ध गणनावेळेचा आहे. यंत्र तयार करणे आणि उत्तर वाचून घेणे यांचा वेळ त्यात धरलेला नाही, आणि तो कितीतरी पट जास्त असतो. शिवाय त्या यंत्रात प्रत्येक क्युबिट, म्हणजे क्वांटम बिट, फक्त सहा शेजाऱ्यांशी जोडलेला, तर गोंगाटात प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते. म्हणून एकेका वापरकर्त्यासाठी १३ क्युबिटांची साखळी बांधावी लागते. ४८ चे ६२४ होतात. हे सगळे १५ मिलिकेल्विनच्या आसपास थंड ठेवलेल्या पेटीत, आणि मोबाइल जाळ्यातला एक स्लॉट मिलिसेकंदाचा किंवा त्याहून लहान. संशोधकांनी या मर्यादा लपवलेल्या नाहीत. बातम्यांत त्या गळून पडतात. दरम्यान अभियंत्यांनी भिंत फोडण्याऐवजी वळसा घातला. टॉवरवर वापरकर्त्यांपेक्षा कितीतरी जास्त अँटेना बसवल्या की साधी रेषीय पद्धतसुद्धा जवळजवळ सर्वोत्तम ठरते, हे थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवले. अवघड प्रश्न सोडवण्याऐवजी तो उद्भवणारच नाही अशी रचना केली.

यावर उत्तर येईल की जपानच्या एनटीटी डोकोमोने २०२४ मध्ये डी-वेव्हच्या मदतीने गर्दीच्या वेळचे पेजिंग संदेश, म्हणजे एखादा फोन कोणत्या टॉवरखाली आहे हे शोधण्यासाठीच्या हाका, सुमारे १५ टक्क्यांनी कमी केल्याचे जाहीर केले. मी हे उदाहरण बाजूला सारणार नाही. पण ते कशाचे आहे पाहा: कोणते टॉवर एका गटात ठेवायचे, याचे नियोजन. हा निर्णय दर मिलिसेकंदाला घ्यावा लागत नाही. उत्तराला काही सेकंद लागले तरी चालतात, आणि थोडे चांगले उत्तर दिवसभर फायदा देते. संदेश कमी झाले यात शंका घ्यायचे कारण नाही. ते क्वांटम परिणामामुळे कमी झाले की प्रश्न नव्याने नीट मांडल्यामुळे, हे मात्र तेवढ्या आकड्यावरून ठरत नाही. ट्रोल्स रॉनोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५०३ क्युबिटांच्या डी-वेव्ह यंत्रावर वेगाचा असा फायदा बारकाईने शोधला होता. त्या चाचण्यांत तो सापडला नाही.

तेव्हा आज मिळणाऱ्या पुराव्यावर निकाल असा देता येतो. टॉवरांचे गट, चॅनेलवाटप, अँटेनांच्या जागा अशा सावकाश, नियोजनाच्या प्रश्नांत क्वांटम यंत्रांची परीक्षा जरूर घ्यावी, मात्र उत्तम अभिजात पद्धतीच्या शेजारी उभे करून आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा वेळ मोजून. मिलिसेकंदाच्या कामांसाठी त्यांचा विचार सध्या करण्यात अर्थ नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि त्याचे एक केंद्र आयआयटी मुंबईत, संवेदन आणि मापनासाठी, आहे. हार्ड-कोर वायूंवर काम करायला मात्र कागद, पेन्सिल आणि एक बरा संगणक पुरतो, आणि त्या विषयात मुंबई-पुण्याची जागा आधीपासूनच वरची आहे.